सग्वारो : बीजापासून महाकायापर्यंत

आपल्या भाषेने निवडुंगाला फारसे मानाचे स्थान दिलेले नाही. शेताच्या बांधावर, पडक्या गढीच्या भिंतीवर आणि गावाबाहेरच्या माळावर तो वाढतो. कोणी त्याला पाणी घालीत नाही, कोणी त्याचे बी पेरीत नाही. फड्या निवडुंगाचा एक फडा तुटून जमिनीवर पडला की त्याला आपोआप मुळे फुटतात, हे खेड्यात वाढलेल्या प्रत्येकाने पाहिलेले असते. त्यामुळे निवडुंग म्हटला की सहज उगवणारी, फुकट मिळणारी आणि नको तितकी माजणारी वनस्पती असेच चित्र आपल्या डोळ्यांपुढे येते.

या लेखात ज्या निवडुंगाची ओळख करून द्यावयाची आहे तो याच्या अगदी उलट वागणारा आहे. त्याचा तुकडा रोवला तर बहुधा कुजून जातो. तो वाढवायचा तर बीपासूनच वाढवावा लागतो, आणि ते बी रुजून आठ वर्षे झाली तरी रोपाची उंची एक ते दीड इंचाच्या पुढे जात नाही. पण हेच रोप पुढे चार मजली इमारतीएवढे उंच होऊ शकते. त्याचे नाव सग्वारो. मूळ स्पॅनिश वळणाच्या या नावातला ‘ग’ स्थानिक लोक जवळजवळ गिळूनच टाकतात आणि ‘सवारो’ असे म्हणतात.

आम्हा कलाशाखेच्या विद्यार्थ्यांना या वनस्पतिशास्त्रीय खटाटोपाशी काय कर्तव्य, असा प्रश्न कोणी विचारील. त्याचे उत्तर असे, की या झाडाच्या मंद वाढीत वनस्पतिशास्त्राइतकाच इतिहासाचा, भूगोलाचा आणि अर्थशास्त्राचाही भाग आहे. तो कसा, हे ओघाने येईलच.

निवडुंग म्हणजे नेमके काय?

मराठीत ‘निवडुंग’ हा शब्द आपण दोन वेगवेगळ्या कुलांतील वनस्पतींसाठी सरसकट वापरतो. कुंपणाला लावतात तो, तोडला असता पांढरा चीक गाळणारा निवडुंग हा एरंडाच्या कुलातला आहे. खरा निवडुंग, म्हणजे ज्याला इंग्रजीत कॅक्टस म्हणतात तो, निराळा. ओळखण्याची खूण सोपी आहे. खऱ्या निवडुंगाच्या अंगावर लवेच्या बारीक गाद्या असतात. काटे, फुले आणि फांद्या या गाद्यांतूनच बाहेर पडतात. शास्त्रज्ञ या गादीला एरिओल म्हणतात. आपला फड्या निवडुंग या कसोटीला उतरतो. परंतु तो मूळचा आपला नव्हे. बारीक फळांची एक जात सोडली तर निवडुंगाचे सबंध कुल अमेरिका खंडातले आहे, आणि फड्या निवडुंगही तिकडूनच युरोपीय लोकांबरोबर इकडे आला.

सग्वारो मात्र आपला मुलूख सोडून फारसा कोठे गेलेला नाही. अमेरिकेच्या संयुक्त संस्थानांतील अ‍ॅरिझोना राज्याचा दक्षिण भाग आणि त्याला लागून असलेले मेक्सिकोतील सोनोरा राज्य यांत पसरलेले सोनोराचे वाळवंट हे त्याचे घर. कॅलिफोर्नियाच्या पूर्व सीमेवर तो तुरळक आढळतो, तेवढेच. जॉर्ज एंगेलमान या वनस्पतिशास्त्रज्ञाने 1848 साली त्याला पहिले शास्त्रीय नाव दिले. पुढे 1908 मध्ये ब्रिटन आणि रोझ या जोडीने तो एका स्वतंत्र प्रजातीत घातला आणि पोलादाचे कारखानदार अँड्र्यू कार्नेगी यांच्या नावावरून तिला ‘कार्नेगिया’ म्हटले. कार्नेगींच्या देणगीतून उभ्या राहिलेल्या संस्थेने 1903 साली टुसॉन शहराजवळ तुमामोक टेकडीवर वाळवंटी वनस्पतींच्या अभ्यासासाठी एक प्रयोगशाळा काढली होती, ही त्या नावामागची हकीकत. त्या टेकडीवर 1908 साली आखलेल्या तुकड्यांतील सग्वारोंची मोजदाद नंतरच्या पिढ्यांनीही चालू ठेवली. मंद वाढणाऱ्या झाडाचा अभ्यास करावयाचा तर एका माणसाचे आयुष्य पुरत नाही, याचा हा चांगला दाखला आहे.

पूर्ण वाढलेला सग्वारो चाळीस-पन्नास फूट उंच होतो. त्याच्या अंगावर वरपासून खालपर्यंत उभ्या चुण्या असतात. बाजाच्या पेटीचा भाता जसा उघडतो-मिटतो तशा या चुण्या पाऊस पडला की फुगतात आणि कोरड्या दिवसांत आवळून येतात. पाण्याने भरलेले मोठे झाड सहा टनांहूनही जड भरते. आत लाकडाच्या उभ्या काठ्यांचा सांगाडा असतो, तो हा भार पेलतो. मुळे मात्र बहुतेक वरवरचीच, पण झाडाच्या उंचीइतकी चहूबाजूंना पसरलेली. सर पडली की ती वाहून जाण्यापूर्वी शोषून घ्यावयाची, हे त्यांचे काम.

आता वयाचा हिशेब पाहा. पहिले फूल येण्यास सुमारे पस्तीस वर्षे लागतात. बाजूला पहिला हात फुटण्यास पन्नास ते सत्तर, आणि पाऊस कमी असेल तेथे शंभरही. सव्वाशे वर्षांचा झाला म्हणजे तो प्रौढ समजावयाचा. आयुर्मान दीडशे ते दोनशे वर्षांचे. शिवाय या झाडाला आंबा-सागासारखी वर्षागणिक वलये पडत नाहीत. त्यामुळे त्याचे वय उंचीवरून अदमासानेच काढावे लागते.

वाळवंटातली पेरणी

मे-जूनच्या सुमारास सग्वारोच्या शेंड्यांवर पांढरी फुले येतात. एक फूल रात्री उमलते आणि दुसऱ्या दिवशी दुपारनंतर मिटते. रात्री वटवाघळे आणि दिवसा होले व मधमाश्या येऊन परागीभवन करतात. फळ पिकते ते जूनअखेर-जुलैत, म्हणजे तेथील उन्हाळी पावसाच्या तोंडावर. त्या पावसाला तिकडेही ‘मॉन्सून’च म्हणतात. पिकलेले फळ उकलते आणि आतला लालभडक गर उघडा पडतो. एका फळात सुमारे दोन हजार काळ्या बिया असतात. एक बी मोहरीच्या दाण्यापेक्षा काही मोठे नसते.

त्या वाळवंटात राहणाऱ्या तोहोनो ओओधाम लोकांचे वर्ष या फळाबरोबर सुरू होते. त्यांच्या नावाचा अर्थच मुळी ‘वाळवंटातले लोक’ असा आहे. मेलेल्या सग्वारोच्या काठ्या जोडून केलेल्या लांब आकड्यांनी ते फळे काढतात, गराचा पाक करतात आणि तो आंबवून पावसाला बोलावण्याच्या सोहळ्यात पितात. सग्वारो हे त्यांच्या लेखी झाड नव्हे, माणूसच होय. आपल्याकडे मृगाच्या तोंडावर बियाण्याची पूजा होते, त्याच जातीची ही भावना म्हणावयास हरकत नाही.

आता त्या बियांचे पुढे काय होते ते पाहू. एक सग्वारो आपल्या आयुष्यात कोट्यवधी बिया देतो. त्यांतील बहुतेक पाखरांच्या, मुंग्यांच्या आणि उंदरांच्या पोटात जातात. होल्याच्या पोटात गेलेले बी भरडले जाते. वटवाघूळ किंवा कायोटी नावाचा लांडग्याच्या जातीचा प्राणी यांच्या पोटातून मात्र ते धडधाकट बाहेर पडू शकते. उरलेल्या बियांना त्याच पावसात रुजावे लागते, कारण जमिनीत पडून पुढल्या वर्षापर्यंत टिकण्याची ताकद त्यांच्यात जवळजवळ नसते. रुजलेल्या रोपांपैकी बहुतेक पहिल्या वर्षातच मरतात. कोणी उन्हाने करपते, कोणी थंडीने गोठते, कोणाला ससा खातो, कोणी पावसाच्या लोंढ्याबरोबर वाहून जाते. इतक्या बियांतून एका झाडाच्या जागी एक झाड उभे राहिले तरी जंगल टिकते. पण तेवढे एक उभे राहणे हेच अवघड.

दाईचे झाड

जी रोपे जगतात ती उघड्यावर क्वचितच जगतात. ती सापडतात दुसऱ्या एखाद्या झाडाच्या पायाशी. हे झाड बहुधा पालो व्हर्दे असते, नाहीतर आयर्नवूड किंवा मेस्किट. पालो व्हर्दे या स्पॅनिश शब्दांचा अर्थ हिरवी काठी असा आहे, आणि त्या झाडाची सालही खरोखरच हिरवी असते. मेस्किट म्हणजे आपल्या माळांवर आणि नदीकाठांवर पसरलेल्या वेड्या बाभळीचे सख्खे भावंड. या झाडांना शास्त्रज्ञ ‘नर्स ट्री’ म्हणतात. आपण दाईचे झाड म्हणू.

ही दाई रोपासाठी तीन गोष्टी करते. दुपारच्या उन्हात सावली धरते, त्यामुळे तापलेल्या मातीवर रोप भाजून निघत नाही. हिवाळ्याच्या रात्री पांघरूण घातल्यासारखी जमिनीची ऊब धरून ठेवते, त्यामुळे हिमाने रोप गोठत नाही. आणि खाली पडलेल्या पाल्यापाचोळ्याने मातीला थोडी ओल आणि थोडे खत देते. पुढे सग्वारो मोठा झाला, की त्याची वरवर पसरलेली मुळे पावसाचे पाणी आधी ओढून घेतात आणि पुष्कळदा ते दाईचे झाडच वाळून जाते. निसर्गात कृतज्ञता शोधू नये, हेच खरे.

दाईचे हे महत्त्व माणसाला कसे कळले, ही हकीकत बोधप्रद आहे. टुसॉनजवळचे सग्वारोचे रान 1933 साली राष्ट्रीय स्मारक म्हणून राखून ठेवण्यात आले. 1994 साली त्याचे सग्वारो राष्ट्रीय उद्यान झाले. राखीव केल्यावर काही वर्षांतच ध्यानात आले, की तेथील जुनी झाडे झपाट्याने मरत आहेत आणि त्यांच्या जागी कोवळी रोपे दिसत नाहीत. मरणाऱ्या झाडांची खोडे कुजलेली होती. तेव्हा हा जंतूंमुळे होणारा रोग असावा असे ठरवून 1940 नंतरच्या काळात रोगट झाडे पाडून पुरण्याचाही प्रयोग झाला. त्याचा उपयोग झाला नाही. पुढील अभ्यासातून निघाले ते असे : म्हातारी झाडे मुख्यतः कडक थंडीच्या लाटांनी मरत होती आणि कुजणे हा त्याचा परिणाम होता. रोपे नसण्याचे कारण निराळेच होते. त्याआधीची कित्येक वर्षे तेथे चुन्याच्या भट्ट्यांसाठी सरपण तोडले जात होते आणि गुरे चरत होती. दाईची झाडे भट्टीत गेली आणि त्यांच्याखालची जागा खुरांनी तुडवली गेली. सग्वारोला कोणी हातही लावला नव्हता, आणि तरीही त्याचा वंश खुंटत होता. तोड थांबली, 1970 नंतरच्या दशकात गुरेही हटली, आणि पालो व्हर्देच्या सावलीत रोपे पुन्हा दिसू लागली.

वाढ इतकी मंद का?

बहुतेक वनस्पती आपली रंध्रे दिवसा उघडतात, हवेतील कार्बन डायऑक्साइड आत घेतात आणि उन्हाच्या मदतीने अन्न तयार करतात. पण रंध्रे उघडली की पाणीही बाहेर जाते. वाळवंटात दिवसा रंध्रे उघडणे म्हणजे भर दुपारी माठ उघडा ठेवण्यासारखे. म्हणून निवडुंग ती रात्री उघडतो. रात्री घेतलेला वायू तो एका आम्लाच्या रूपाने साठवतो, आणि दिवसा दारे-खिडक्या बंद करून त्यातून अन्न तयार करतो. यात पाण्याची बचत मोठी होते. पण रात्री जितका साठा झाला तितकेच दुसऱ्या दिवशी काम, अशी ही हातावर पोट असलेल्या माणसाची मिळकत आहे.

त्यातून रोपाचे दुखणे आणखी वेगळे. पाने नाहीत, त्यामुळे अन्न तयार करणारा हिरवा भाग म्हणजे काय तो वाटाण्याएवढ्या देहाचा पृष्ठभाग. पाण्याचा साठा चार थेंबांचा. वर्षातला बराच काळ वाढ बंद ठेवून नुसते जीव धरून राहावयाचे. जसजसा देह मोठा होतो तसतसा साठा वाढतो, आणि मग वाढीलाही वेग येतो. म्हणजे सग्वारो जन्मभर सारखाच मंद नसतो. खरी कसोटी पहिल्या काही वर्षांची, आणि माणसाला मदत करता येते तीही नेमकी तेव्हाच.

हाताने पेरताना

कुंडीत पेरणी करावयाची म्हणजे दाईच्या झाडाचे काम आपण करावयाचे, एवढे ध्यानात ठेवले की सगळी कृती समजते. खाली दिलेली रीत सग्वारोप्रमाणेच इतर बहुतेक मंद वाढणाऱ्या वाळवंटी निवडुंगांनाही लागू पडते.

प्रथम माती. पाणी साचू न देणारी, पण ओल धरणारी माती हवी. नदीची जाड वाळू धुऊन, विटांचा बारीक चुरा आणि चाळलेले पालापाचोळ्याचे कुजलेले खत किंवा नारळाच्या काथ्याचा भुसा मिसळून ती तयार करतात. वाळू-चुऱ्याचा भाग निम्म्याहून अधिक असावा. ही माती वाफवून किंवा तापवून निर्जंतुक करून घ्यावी. ही पायरी गाळण्याचा मोह फार होतो, पण पुढे येणारी बुरशी मातीतूनच येते. भांडे उथळ, तळाला भोके असलेले आणि स्वच्छ असावे.

दुसरी गोष्ट बी. ताजे बी उत्तम. थंड आणि कोरड्या जागी ठेवल्यास ते काही वर्षे टिकते. फळातून काढलेले असेल तर त्यावरचा गर पूर्ण धुवावा, कारण गराच्या गोडव्यावर बुरशी धरते.

तिसरी गोष्ट पेरणी. आपल्या सवयीप्रमाणे बी मातीत पुरू नये. सग्वारोच्या बीला रुजण्यासाठी उजेड लागतो. पूर्ण अंधारात ठेवलेले बी जवळजवळ रुजत नाही, हे प्रयोगांनी सिद्ध झालेले आहे. एवढ्याशा बीत खोलातून वर येण्याइतकी शिदोरी नसते, तेव्हा ही व्यवस्था शहाणपणाचीच म्हणावी लागेल. भांडे पाण्याच्या परातीत ठेवून माती खालून भिजू द्यावी, बिया पृष्ठभागावर विखराव्यात, हलक्या हाताने दाबाव्यात आणि वर काच किंवा पारदर्शक प्लॅस्टिक झाकावे. सुमारे 25 ते 30 अंश सेल्सियसची ऊब आणि भरपूर पण आडून येणारा उजेड मिळाला, की आठ-दहा दिवसांत अंकुर दिसू लागतात.

प्रथम दिसतात त्या दोन फुगीर हिरव्या दलिका. काही आठवड्यांनी त्यांच्या मधोमध पहिले मऊ काटे डोकावतात, आणि मग तो निवडुंग आहे हे पटते. दलिका पुढे त्या देहातच विरून जातात.

यानंतरचे वर्ष नाजूक. निवडुंग म्हणून रोपे कोरडी ठेवली तर ती मरतात, कारण साठ्यासाठी अजून देहच नसतो. उलट, झाकण कायमचे ठेवून दमट कोंडमारा केला तर बुरशी येते आणि रोपे बुडाशी पाणचट होऊन कोलमडतात. एक कोलमडले की शेजारची त्याच वाटेने जातात. तेव्हा झाकण एकदम न काढता दिवसागणिक थोडे थोडे अधिक उघडावे. रोप तांबूस-जांभळे पडू लागले तर ऊन जास्त होत आहे असे समजावे, आणि बारीक लांबट होऊन उजेडाकडे झुकू लागले तर कमी. मातीवर हिरवे शेवाळे धरले तर ओल जास्त झाली. ही तीन चिन्हे ओळखता आली की निम्मे काम झाले.

वर्षभराने रोपे एकमेकांना टेकू लागली म्हणजे ती वेगळी करावीत. उपटू नये. काडीने मातीसकट उचलावीत आणि मुळांची जखम सुकेपर्यंत काही दिवस पाणी देऊ नये. त्यानंतर मात्र पाण्याची रीत बदलते : माती पूर्ण वाळली की भरपूर पाणी, मग पुन्हा वाळेपर्यंत काही नाही, आणि थंडीत जवळजवळ उपास. खत अगदी पातळ आणि नत्र कमी असलेले द्यावे. अशा निगराणीत वाढलेले रोप रानातल्या रोपापेक्षा पुष्कळ वेगाने वाढते, कारण त्याचे दुष्काळाचे आणि हिमाचे दिवसच वगळले जातात.

आपल्याकडे ऊब मुबलक आहे. अडचण आहे ती चार महिन्यांच्या पावसाची. माणदेशासारख्या कोरड्या भागात निभावून जाईल, पण कोकणात आणि घाटमाथ्यावर पावसाळ्यात रोपांवर छप्पर आणि भोवती वाहती हवा हवीच. पेरणी फेब्रुवारी-मार्चमध्ये केली तर पाऊस लागण्यापूर्वी रोपे थोडी बाळसे धरतात.

खुंटाची उसनवारी

मंद वाढीवर बागवानांनी एक तोडगा काढला आहे. आंब्या-गुलाबाचे जसे कलम करतात तसे इवल्या रोपाचे कलम एखाद्या जोमदार निवडुंगाच्या खुंटावर करावयाचे. धारदार ब्लेडने दोन्ही आडवे कापून, आतल्या नळ्यांचे वर्तुळ एकमेकांवर येईल असे बसवून दाबून धरले की काही दिवसांत सांधा जुळतो. सांगली-सोलापूरकडे आता शेतातून दिसणारे ड्रॅगन फ्रूट हाही निवडुंगच, आणि त्याचा खुंट या कामी सर्रास वापरतात. रोपवाटिकेत मिळणारा, हिरव्या दांड्यावर बसवलेला लाल-पिवळा गोळा हे असेच कलम असते. उसन्या मुळांवर रोप जलद फुगते. पण त्याचा बांधा स्वतःच्या मुळांवरच्या झाडासारखा राहत नाही, आणि सग्वारोसारख्या उंच वाढणाऱ्या झाडाचा भार असा खुंट जन्मभर पेलू शकत नाही. जातिवंत बियाणे वाढविण्यासाठी किंवा मरू घातलेले दुर्मीळ रोप वाचविण्यासाठी मात्र ही युक्ती मोलाची आहे.

मंद वाढ आणि चोरी

आता अर्थशास्त्राकडे वळू. ज्या वस्तूला तयार होण्यास पन्नास वर्षे लागतात आणि जी उघड्या माळावर राखणीशिवाय उभी असते, तिची चोरी होणारच. अ‍ॅरिझोनातील शहरांत बंगल्यापुढे सग्वारो लावण्याची हौस मोठी, आणि किंमत फुटावर ठरते. पेरणाऱ्याला एक फूट वाढविण्यास वर्षे मोजावी लागतात, खणणाऱ्याला एक रात्र पुरते. म्हणून तेथे सग्वारो हलविण्यासाठी सरकारी परवाना लागतो, आणि राष्ट्रीय उद्यानाने तर काही झाडांच्या अंगात ओळख पटविणारी बारीक इलेक्ट्रॉनिक चकती बसवली आहे.

सग्वारोपेक्षा वाईट अवस्था लहान जातींची आहे, कारण त्या पिशवीत मावतात. दक्षिण अमेरिकेतील चिली देशात अटाकामाच्या वाळवंटात कोपियापोआ नावाचे अत्यंत मंद वाढणारे निवडुंग आहेत. 2020 साली इटलीत पोलिसांनी एका संग्राहकाकडे असे हजाराहून अधिक निवडुंग पकडले, आणि त्यांतील बरेचसे पुढल्या वर्षी चिलीला परत पाठविण्यात आले. निवडुंगाचे जवळजवळ सबंध कुल 1975 पासून आंतरराष्ट्रीय व्यापार-नियंत्रणाच्या करारात आहे, आणि 1976 पासून भारतही त्या कराराचा सदस्य आहे. तरीही 2015 साली प्रसिद्ध झालेल्या जागतिक पाहणीत असे आढळले, की तपासलेल्या 1,478 जातींपैकी 31 टक्के जाती धोक्यात आहेत. त्यामागे जमीन तोडणे, शेती आणि गुरे ही कारणे आहेतच, पण हौशी संग्राहकांसाठी केलेली उपट हेही एक मोठे कारण आहे.

येथे बी पेरण्याचा खरा अर्थ कळतो. रोपवाटिकेत हजारो रोपे बीपासून तयार झाली तर रानातले झाड उपटण्याचे कारण उरत नाही. विकत घेणाऱ्याचीही यात जबाबदारी आहे. पेरलेल्या रोपाचे अंग एकसारखे आणि तुकतुकीत असते. रानातून आणलेल्याच्या अंगावर ऊनवाऱ्याचे व्रण, बुडाशी खरबरीत साल आणि तोडलेल्या मुळांच्या खुणा असतात. अशा वस्तूला ‘जुनी’ म्हणून जास्त पैसे मोजणारा गिऱ्हाईकच चोराचा मजुरी देणारा मालक असतो. बी परदेशातून मागवावयाचे असेल तर आयात-परवाना आणि वनस्पतींच्या आरोग्याचा दाखला यांचे नियम पाळावेत, हे वेगळे सांगावयास नको.

आजची स्थिती

सग्वारो आज नष्ट होण्याच्या मार्गावर नाही. लक्षावधी झाडे उभी आहेत. पण 1990 नंतरच्या लांबलेल्या कोरड्या काळात नवी रोपे फारच थोडी टिकली आहेत. 2023 च्या उन्हाळ्यात फीनिक्स शहराचे तापमान सलग 31 दिवस 110 अंश फॅरनहाइटला किंवा त्याच्या वर गेले, आणि रात्रीही हवा निवली नाही. रात्री रंध्रे उघडणाऱ्या झाडाला थंड रात्र हवी असते. त्या सुमारास त्या भागात उभे सग्वारो कोसळल्याची दृश्ये जगाने पाहिली.

आणखी एक संकट आपल्या ओळखीचे आहे. आफ्रिका, पश्चिम आशिया आणि भारत येथे मूळचे असलेले अंजन गवत आपल्याकडे कोरडवाहू जमिनीतला उत्तम चारा म्हणून नावाजलेले आहे. 1930 नंतरच्या दशकात तेच गवत चाऱ्यासाठी आणि धूप थांबविण्यासाठी अमेरिकेत नेले गेले. सोनोराच्या वाळवंटात झाडाझुडपांमध्ये मोकळी जमीन असे, त्यामुळे वणवा पसरत नसे. या गवताने ती मोकळी जागा भरून काढली. आता एक ठिणगी सबंध टेकडी पेटवू शकते, आणि सग्वारोला आगीत तगण्याची सवय नाही. उद्यानात स्वयंसेवक हे गवत कुदळीने खणून काढतात. एका देशाचे चांगले गवत दुसऱ्या देशात असे काळ ठरू शकते, हा भूगोलाचा धडा लक्षात ठेवण्याजोगा आहे.

वणव्याने किंवा उष्णतेने मेलेल्या शंभर वर्षांच्या झाडाची भरपाई शंभर वर्षांनीच होते, आणि ती सुरू होते मोहरीएवढ्या बीपासून. यंदा प्रथम वर्षात आलेल्या विद्यार्थ्याने आज सग्वारोचे बी रुजविले आणि ते रानातल्या चालीने वाढले, तर पदवी घेताना ते रोप हरभऱ्याच्या दाण्याएवढे असेल, नोकरी स्थिरावेपर्यंत अंगठ्याएवढे, आणि पहिले फूल येईल तेव्हा विद्यार्थी निवृत्तीच्या हिशेबाला लागलेला असेल. बाजूला फुटलेला पहिला हात बहुधा नातवंडेच पाहतील. आपल्याकडे आजोबांनी लावलेला आंबा नातू खातो. सग्वारोचा हिशेब त्याहून एक पिढी लांबचा, एवढाच फरक. आजोबांचे काम मात्र तेच आहे : बी उजेडात ठेवणे, सावली धरणे आणि पहिली काही वर्षे पाणी चुकू न देणे.